परवाना वरच्याला, गुन्हा खालच्याला

जळगाव असो की धुळे, आपल्या वस्त्यांमधला कष्टाचा पैसा बाहेर जाण्याचे काही ठरलेले रस्ते आहेत. दारूचा रस्ता सर्वांना दिसतो. त्यावर व्यसनमुक्तीची शिबिरे होतात, महिला मंडळे मोर्चे काढतात. पण आणखी दोन रस्त्यांबद्दल आपण कमी बोलतो. एक रस्ता आकड्याचा आणि दुसरा प्लॉटचा. पहिल्यावर बुकीसाठी चिठ्ठी फाडणारा माणूस बसलेला असतो. दुसऱ्यावर लेआउटचा नकाशा गुंडाळून मोटारसायकलवर फिरणारा एजंट भेटतो. एक उद्याच्या नशिबाचे स्वप्न विकतो, दुसरा उद्याच्या घराचे. दोघेही मध्यस्थ आहेत आणि दोघांच्याही मागे कोणीतरी मोठा माणूस आहे, जो आपल्याला कधी दिसत नाही.

२०२३ पासून या दोन्ही धंद्यांचे नियम सरकारने बदलले. ऑनलाइन जुगारावर आधी कर आला, नंतर बंदी आली. प्रॉपर्टी एजंटांना परीक्षा आली. तुकड्यातल्या जमिनीचे व्यवहार नियमित झाले. आपल्या चळवळीत मात्र या बदलांवर फारशी चर्चा झाली नाही. आरक्षण, अत्याचार, स्मारके यांवर बोलणारे आपण परवाना या शब्दाकडे व्यापाऱ्यांचा विषय म्हणून पाहतो. आमच्या मते ही चूक महागात पडते आहे. कोणाचा धंदा कायदेशीर, कोणाचा बेकायदेशीर, कोणाला नोटीस आणि कोणाला हातकडी, हे परवाना ठरवतो. बाबासाहेबांनी जी श्रेणीबद्ध विषमता दाखवून दिली, तिची पायरी न् पायरी परवान्याच्या नियमांत पाहायला मिळते.

म्हणून आम्ही प्रत्येक नियमाला एकच प्रश्न विचारणार आहोत. ज्याचा पैसा बुडाला, त्याच्या हातात हा नियम काय देतो?

घोड्यावर लावला तर खेळ, आकड्यावर लावला तर गुन्हा

महाराष्ट्रात जुगाराचा मूळ कायदा १८८७ चा आहे. इंग्रजांनी केलेला तो मुंबई जुगार प्रतिबंधक कायदा आजही चालतो. वर्तमानपत्रात 'कलम १२ (अ) प्रमाणे गुन्हा दाखल' असे वाचतो ते याच कायद्याचे कलम. या कायद्याने पैज लावणे हा गुन्हा ठरवला. पण त्याच कायद्यात एक खिडकी उघडी आहे. परवाना असलेल्या रेसकोर्सवर, शर्यतीच्या दिवशी, ठरवून दिलेल्या आवारात घोड्यावर पैसे लावले तर तो जुगार धरला जात नाही. रेसकोर्सला परवाना देण्यासाठी १९१२ चा स्वतंत्र कायदा आहे आणि त्या पैजांवर कर घेण्यासाठी १९२५ चा. पुढे १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही घोड्यांची शर्यत हा कौशल्याचा खेळ असल्याचा निर्वाळा दिला.

म्हणजे महाराष्ट्रात बुकीला परवाना मिळूच शकत नाही, हे खरे नाही. मुंबईत महालक्ष्मीला आणि पुण्यात, क्लबच्या आवारात, बुकी राजरोस उभा राहून पैजा घेऊ शकतो. महालक्ष्मी रेसकोर्सच्या २११ एकरांपैकी १२० एकर उद्यानासाठी सोडल्यानंतरही सुमारे ९१ एकर जागा भाडेपट्ट्याने क्लबकडे राहिली. मुंबईच्या मध्यावर, सार्वजनिक जमिनीवर! गायरानावर झोपडी बांधणाऱ्या भूमिहीनाला अतिक्रमणाची नोटीस येते तेव्हा हे ९१ एकर आठवावेत.

आता आकड्याकडे पाहू. मटक्याचा जन्म कापसाच्या भावातून झाला. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातला उघडता आणि बंद होतानाचा भाव तारेने मुंबईत यायचा आणि त्या आकड्यांवर पैसे लावले जायचे. 'ओपन' आणि 'क्लोज' हे शब्द तिथूनच आले. ते भाव बंद झाल्यावर १९६० च्या दशकात माठातून चिठ्ठ्या आणि पुढे पत्ते काढून आकडा जाहीर होऊ लागला, आणि कल्याण, वरळी ही नावे गावोगाव पोचली. खानदेश हा कापसाचा मुलूख. कापूस इथला मजूर वेचतो, त्याच्या भावावर जगभरचे व्यापारी वायदे करतात आणि त्याला बाजार म्हणतात. त्याच भावाच्या शेपटीला धरून मजुराने दहा रुपये लावले की त्याला सट्टा म्हणतात. आम्ही सट्ट्याची बाजू घेत नाही. एकाच कृतीला दोन नावे कशी पडतात, एवढेच दाखवतो आहोत.

मटक्याच्या धाडीची बातमी वाचा. टपरीच्या आडोशाला बसलेला एक इसम, काही शे रुपये रोख, आकडे लिहिलेल्या चिठ्ठ्या आणि एक बॉलपेन जप्त. नाव छापून येते ते चिठ्ठी फाडणाऱ्याचे. ज्याच्याकडे संध्याकाळी त्या सगळ्या आकड्यांचा उतारा जातो, तो दुसऱ्या गावात आपल्या माडीवर बसलेला असतो. त्याचे नाव बातमीत क्वचितच येते. आम्ही वस्त्यांत काम करताना पाहतो की चिठ्ठी फाडायला बसतो तो बहुतेक वेळा दहावी-बारावी झालेला, कामधंदा नसलेला मुलगा असतो. टक्केवारीवर बसतो. दोन-तीन केसेस अंगावर पडल्या की पोलीस भरतीत, कंपनीत, अगदी सुरक्षारक्षकाच्या नोकरीतही चारित्र्य पडताळणीला अडकतो. दंड भरून केस मिटली असे त्याला वाटते, पण नोंद मिटत नाही. मग तो पुन्हा त्याच टपरीवर येऊन बसतो, कारण दुसरीकडे कोणी बसू देत नाही.

अॅपवाला पीडित, आकडेवाला आरोपी

मोबाईल आल्यावर बुकीला टपरीची गरज उरली नाही. रमी, फँटसी क्रिकेट, रंग ओळखा, विमान उडवा. खेळ हजार, मुद्दा एकच. सरकारने या धंद्याचे काय केले ते क्रमाने पाहा. एप्रिल २०२३ मध्ये केंद्राने माहिती तंत्रज्ञान नियमांत बदल केला आणि कंपन्यांच्या स्वनियामक संस्था खेळांना मान्यता देतील असे ठरवले. त्या संस्था उभ्याच राहिल्या नाहीत. ऑक्टोबर २०२३ पासून खेळण्यासाठी भरलेल्या पूर्ण रकमेवर २८ टक्के जीएसटी सुरू झाला. त्याच वर्षी एक फँटसी गेमिंग कंपनी भारतीय क्रिकेट संघाच्या जर्सीवर झळकू लागली. आणि ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने दोन दिवसांत कायदा मंजूर करून पैशाचे सगळे ऑनलाइन खेळ बंद केले. खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास लाखांपर्यंत दंड. या कायद्याच्या थोडे आधीच, जुलै २०२५ मध्ये, आपल्या राज्याच्या तत्कालीन कृषिमंत्र्यांचा विधान परिषदेत मोबाईलवर रमीचा डाव उघडा असलेला व्हिडिओ राज्याने पाहिला. आपण खेळत नव्हतो, असे ते म्हणाले. त्यांचे खाते बदलले आणि त्यांना क्रीडा खाते मिळाले!

बंदीचे आम्ही स्वागत करतो. या कायद्यातली सर्वात चांगली गोष्ट अशी की खेळणाऱ्याला शिक्षा नाही. कायदा त्याला फसवला गेलेला माणूस मानतो. हेच तत्त्व आम्हाला हवे आहे. पण मग १८८७ च्या कायद्यात ते का नाही? भुसावळच्या एखाद्या वस्तीतला मुलगा मोबाईलवर पाच हजार हरला तर तो पीडित. त्याचा बाप कोपऱ्यावर पन्नास रुपयांचा आकडा लावताना सापडला तर तो आरोपी. घर एक, व्यसन एक, बुडालेला पैसाही एकाच चुलीचा. फरक एवढाच की एकाला लुटणारी कंपनी होती आणि दुसऱ्याला लुटणारा पानटपरीचा अड्डा होता.

आणि ज्या दोन वर्षांत सरकारने २८ टक्के घेतले, त्या दोन वर्षांत हरलेल्यांचे काय? कायदा त्यावर गप्प आहे. घोड्यांची शर्यत मात्र चालूच आहे. सप्टेंबर २०२५ पासून तिच्यावर ४० टक्के कर लागतो, म्हणजे कर भरून ती प्रतिष्ठितच राहिली.

काही सुशिक्षित मित्र म्हणतात की बंदीने धंदा लपतो, त्यापेक्षा सट्ट्याला परवाना द्या, गुन्हेगारी कमी होईल, महसूल वाढेल. त्यांनी विधी आयोगाचा जुलै २०१८ चा २७६ वा अहवाल जरूर वाचावा. जुगार रोखता येत नसेल तर त्याचे नियमन कसे करावे, हे सांगताना आयोगाने जुगाराचे दोन प्रकार सुचवले. मोठ्या रकमेचा जुगार वरच्या उत्पन्न गटासाठी आणि छोटा जुगार खालच्या गटासाठी. जुगारातसुद्धा वर्णव्यवस्था! वरच्याने मोठा डाव खेळावा, खालच्याने आपल्या पायरीवर बसून छोटा खेळावा. गरिबाला जपण्याच्या नावाने हे सुचवले गेले, पण गरिबाला ज्याच्यापासून जपायचे त्या दुकानाला पाटी लावून देणे, हे कसले जपणे?

आमची भूमिका स्पष्ट आहे. वस्तीच्या तोंडाशी परवानाधारक बुकी आम्हाला नको. परवाना दिला की सरकार त्या नुकसानीत भागीदार होते. मग जितका गरीब हरेल तितकी तिजोरी भरेल, आणि भरणारी तिजोरी कोणतेही सरकार स्वतःहून बंद करत नाही. भगवान बुद्धांनी सिगालोवाद सुत्तात गृहस्थाच्या धननाशाची कारणे सांगताना जुगाराचे सहा तोटे मोजले. जिंकणारा वैर कमावतो, हरणारा धनासाठी झुरतो, धन जाते, सभेत शब्दाला किंमत राहत नाही, मित्र तुच्छ लेखतात, लग्नाला कोणी मुलगी देत नाही. त्या यादीत पाप-पुण्याची भीती नाही. माणसाची पत आणि घर कसे मोडते, याचा तो साधा हिशोब आहे. आम्हीही तेवढाच हिशोब मांडतो.

एजंटला परीक्षा, बिल्डरला सूट

आता दुसरा रस्ता. २०१६ चा रेरा कायदा आपल्या राज्यात १ मे २०१७ पासून पूर्णपणे लागू झाला. नोंदणी केलेल्या प्रकल्पातला प्लॉट किंवा फ्लॅट विकून देणाऱ्या एजंटलाही नोंदणी सक्तीची झाली. पुढे महारेराने १० जानेवारी २०२३ च्या आदेशाने एजंटांना प्रशिक्षण घेऊन परीक्षा देणे बंधनकारक केले आणि २०२४ उजाडल्यापासून हे प्रमाणपत्र सक्तीचे झाले. ज्यांनी ते घेतले नाही अशा सुमारे २० हजार एजंटांची नोंदणी २०२४ मध्ये स्थगित झाली.

परीक्षेला आमचा विरोध नाही. उलट आमच्या दृष्टीने या नियमात एक मोठी शक्यता आहे. दलाली हा धंदा आजवर नात्यागोत्यावर आणि जातीच्या ओळखीवर चालला. कोणाची जमीन निघाली, कोणाला विकायची, हे एका जातीच्या ओट्यावर ठरायचे. परीक्षा आली की निदान कागदावर तरी दार सर्वांना उघडे होते. स्पर्धा परीक्षेत चार वर्षे घालवलेल्या आपल्या मुला-मुलींना हा अभ्यास अवघड नाही. पण दारात पैशाचा उंबरा आहे. वैयक्तिक नोंदणीचे शुल्क १० हजार रुपये, नोंदणी पाच वर्षांची, शिवाय प्रशिक्षण आणि परीक्षेचा खर्च वेगळा. अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवाराला यात सवलत का नसावी? बार्टी इतक्या परीक्षांची प्रशिक्षणे घेते, मग या परीक्षेचे का नको?

दुसरा प्रश्न याहून टोकदार आहे. एजंटला परीक्षा आहे, पण बिल्डरला कोणती परीक्षा आहे? कोट्यवधी रुपये गोळा करणारा प्रवर्तक कागदपत्रे आणि शुल्क भरून प्रकल्प नोंदवतो, त्याची पात्रता कोणी तपासत नाही. एक-दोन टक्क्यांवर जगणाऱ्या मध्यस्थाला मात्र कायदा पाठ करावा लागतो. मटक्यातली तीच पायरी इथेही आहे, खालचा हात सापडतो आणि वरचा सुटतो.

कागद पूर्ण असलेला माणूस फसवत नाही, हा समज निदान जळगावकरांनी तरी सोडून द्यावा. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस जळगाव नगरपालिकेने झोपडपट्टीवासीयांसाठी ११ हजारांवर घरकुलांची योजना आखली. काम खान्देश बिल्डर्सला मिळाले. ठराव झाले, निविदा झाल्या, सह्या झाल्या, आगाऊ रकमा गेल्या. घरे मात्र मोजकीच उभी राहिली. तत्कालीन आयुक्तांनी २००६ मध्ये फिर्याद दिली आणि ३१ ऑगस्ट २०१९ रोजी धुळ्याच्या विशेष न्यायालयाने माजी मंत्र्यांसह ४८ जणांना दोषी ठरवले. निकालाविरुद्ध अपिले झाली, जामीन झाले. पण ज्या झोपडीवाल्याच्या नावाने ही योजना निघाली, त्याची त्या खटल्यात जागा कुठे होती? तो ना फिर्यादी, ना नुकसानभरपाईचा धनी. तो फक्त योजनेच्या नावात होता.

नियमाच्या कुंपणाबाहेरची जमीन

रेराची आणखी एक गोष्ट आपल्या लोकांना कोणी सांगत नाही. ५०० चौरस मीटरपर्यंतच्या जमिनीवरचा किंवा आठ सदनिकांपर्यंतचा प्रकल्प नोंदणीतून वगळलेला आहे. शेतजमिनीचा व्यवहार, जुन्या घराची फेरविक्री आणि भाड्याची खोली यांतल्या एजंटलाही ही नोंदणी लागत नाही. आता विचार करा, आपला सफाई कामगार, आपली अंगणवाडी मदतनीस, आपला हमाल काय विकत घेतो? नोंदणीकृत टॉवरमधला फ्लॅट की गावाबाहेरच्या शेतातला एक गुंठा? गुंठाच! म्हणजे ज्या बाजारात आपण जातो, त्या बाजारात नियमच जात नाही.

धुळ्याची परिस्थिती पाहा. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे महामार्ग इथे एकमेकांना छेदतात. २ सप्टेंबर २०२४ ला केंद्रीय मंत्रिमंडळाने ३०९ किलोमीटरच्या मनमाड-इंदूर रेल्वेमार्गाला मंजुरी दिली. अशी बातमी आली की नकाशे छापले जातात आणि 'स्टेशनपासून दहा मिनिटे' अशा पाट्या लागतात. इसार पावती, मग शंभराच्या किंवा पाचशेच्या स्टॅम्पवर नोटरी, मग हप्ते. सातबाऱ्यावर नाव कधी लागणार, असे विचारले की उत्तर ठरलेले, 'होऊन जाईल ना भाऊ, सगळ्यांचेच बाकी आहे.'

तुकडेबंदीचा कायदा १९४७ चा आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये प्रमाणभूत क्षेत्र बहुतेक जिल्ह्यांत बागायतीला १० आणि जिरायतीला २० गुंठे झाले. म्हणजे एक-दोन गुंठ्यांचे व्यवहार बेकायदेशीरच राहिले. नोव्हेंबर २०२५ च्या अध्यादेशाने १५ नोव्हेंबर १९६५ ते १५ ऑक्टोबर २०२४ या काळातले शहरी आणि निवासी पट्ट्यातले असे व्यवहार विनाशुल्क नियमित करण्याचा मार्ग काढला. त्याआधी बाजारमूल्याच्या २५ टक्के आणि नंतर ५ टक्के रक्कम मागितली जात होती. हा निर्णय खरेदीदाराच्या भल्याचाच आहे आणि आपल्या हजारो कुटुंबांनी त्याचा फायदा घ्यावा.

पण आमचा ठरलेला प्रश्न इथेही विचारतो. जवळपास साठ वर्षे बेकायदेशीर तुकडे पाडून विकणारा, त्यावर दलाली खाणारा, रस्ता-गटार देतो म्हणून पैसे घेऊन निघून गेलेला कुठे आहे? त्याला ना दंड, ना नोंद. खरेदीदाराचा दोष माफ झाला आणि विकणाऱ्याचा दोष कोणी मोजलाच नाही. उद्या तोच पुढच्या महामार्गावर नवा नकाशा घेऊन उभा राहील.

वतनाच्या जमिनीचेही हेच. महार वतन ही गुलामी आहे, हे ओळखून बाबासाहेबांनी १९ मार्च १९२८ ला मुंबई कायदेमंडळात वतन दुरुस्तीचे विधेयक मांडले. पुढे १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ वतने रद्द झाली आणि जमिनी नव्या अटी-शर्तींवर परत मिळाल्या. सरकारच्या परवानगीशिवाय त्या विकता येत नाहीत. ही अट आपल्या रक्षणासाठी होती. पण नोव्हेंबर २०२५ मध्ये पुण्याच्या मुंढव्यातली सुमारे ४० एकर महार वतनाची जमीन कुळमुखत्यारपत्राच्या आधारे एका खासगी कंपनीला ३०० कोटींना विकल्याचे प्रकरण बाहेर आले. बाजारभाव १८०० कोटी असल्याचा आरोप झाला, गुन्हे दाखल झाले, व्यवहार रद्द करण्याची घोषणा झाली. चौकशीत काय निघायचे ते निघो. आम्हाला त्यात एक रीत दिसते. शेकडो वारसांच्या सह्या एका मध्यस्थाच्या हातात येतात आणि मग जमीन वारसांना न विचारता चालू लागते. खानदेशातही गावोगाव वतनाच्या जमिनी आहेत. आपल्या आजोबाचे नाव असलेल्या सातबाऱ्यावर कोणाचे मुखत्यारपत्र फिरते आहे, हे तुम्ही कधी तपासले आहे का?

आडनाव विचारणारा एजंट

आता सर्वात महत्त्वाचा मुद्दा. महारेराच्या परीक्षेत एजंटला चटई क्षेत्र, करारनामा, जाहिरातीवरचा नोंदणी क्रमांक हे सगळे यावे लागते. पण खोली दाखवण्याआधी 'आडनाव काय?' असे विचारू नये, हे कुठे शिकवतात? जात विचारली म्हणून एजंटची नोंदणी रद्द होईल, असे कलम रेरात नाही. देवपुरात किंवा जळगावच्या चांगल्या कॉलनीत भाड्याने घर शोधणाऱ्या आपल्या शिक्षकाला, बँकेतल्या मुलीला हा अनुभव नवा नाही. फोनवर खोली रिकामी असते, आडनाव कळले की आजच गेलेली असते. किंवा 'मालक व्हेजवालेच पाहतात' हे सभ्य वाक्य येते. सुखदेव थोरात आणि सहकाऱ्यांनी दिल्ली परिसरातल्या भाड्याच्या घरांचा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध केला. दलित आणि मुस्लिम भाडेकरूंना नाकारले जाते किंवा जाचक अटी घातल्या जातात, हे त्यांनी पद्धतशीर दाखवून दिले. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका गृहनिर्माण संस्थेचा, आपल्याच समाजाला सभासदत्व देण्याचा उपविधी वैध ठरवला. म्हणजे वेशीबाहेरचा महारवाडा गेला, पण वेस गेली नाही. ती आता एजंटच्या फोनमध्ये आहे.

अमेरिकेत काळ्या लोकांची हीच कोंडी होती. मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या ४ एप्रिल १९६८ ला झाली आणि आठवड्याभरात, ११ एप्रिलला, तिथे घरांच्या विक्री-भाड्यातला वंशभेद बेकायदेशीर ठरवणारा कायदा झाला. तो एजंटांनाही लागू झाला. तिथल्या कार्यकर्त्यांनी एक साधी पद्धत वापरली. एकाच घरासाठी आधी काळा माणूस पाठवायचा, मग गोरा, आणि दोघांना मिळालेली उत्तरे नोंदवायची. १९८२ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने अशा तपासणी करणाऱ्यांनाही दावा लावण्याचा हक्क मान्य केला. तिथला भेद संपला असे आम्ही म्हणत नाही. पण फसवला गेलेल्याच्या हातात नियमाने एक हत्यार दिले. आपल्याकडे रेराचा परवाना एजंटला ओळखपत्र देतो आणि आपल्याला काहीच देत नाही.

मग मागायचे काय?

एक, १८८७ च्या कायद्यातून आकडा लावणाऱ्याची अटक आणि शिक्षा काढा. २०२५ च्या ऑनलाइन कायद्याचे तत्त्व इथेही लावा. चिठ्ठी फाडणाऱ्या मुलावर केसेसचा ढीग रचण्याऐवजी उतारा घेणाऱ्यापर्यंत तपास नेण्याची जबाबदारी अधिकाऱ्यावर नावानिशी टाका.

दोन, भाडे, फेरविक्री आणि गुंठ्याचे व्यवहार करणाऱ्या प्रत्येक एजंटची नोंदणी करा. तुकडा बेकायदेशीर असताना विकला तर दलाली परत करण्याची सक्ती करा.

तीन, जात, धर्म पाहून घर नाकारणाऱ्या एजंटची नोंदणी रद्द करण्याचे स्पष्ट कलम घाला आणि परीक्षेच्या अभ्यासक्रमात संविधानाचे कलम १५ आणि १७ ठेवा.

चार, अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवारांना नोंदणी शुल्कात माफी द्या, आणि महारेराकडे तक्रार करताना लागणारे ५ हजार रुपये गरीब खरेदीदाराला माफ करा. फसवणुकीची फिर्याद करायलाही आधी पैसे मोजायचे, हा कुठला न्याय?

यावर आपल्यातलेच काही म्हणतील की चिठ्ठीवर आणि दलालीवर आपल्याही पोरांची पोटे चालतात, त्यावर का उठता? आम्ही त्यांच्या पोटावर उठत नाही. त्यांना आरोपीच्या पिंजऱ्यातून काढा आणि परीक्षेच्या वर्गात बसवा, असे म्हणतो. आणखी काही म्हणतील की बाजार सुधारून काय होणार, बाबासाहेबांनी तर १९४७ मध्ये 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये शेतजमीन राज्याच्या मालकीची करण्याची आणि दलितांच्या स्वतंत्र वसाहतींची मागणी केली होती. बरोबर आहे. जमीन बाजारातून दलिताकडे येणार नाही हे त्यांना दिसत होते, म्हणूनच दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ मध्ये भूमिहीनांनी सत्याग्रह केला आणि त्यात खानदेशही उतरला. ती मागणी आम्ही सोडलेली नाही. पण ती पूर्ण होईपर्यंत आपली माणसे रोज गुंठा घेत आहेत आणि रोज फसत आहेत. त्यांना कोणत्या तोंडाने थांबा म्हणायचे?

मागणी सरकारकडे करायची आणि काम आपण आजच सुरू करायचे. प्रत्येक विहारात महिन्यातून एक रविवार कागद वाचनाचा ठेवा. इसार देण्याआधी सातबारा, फेरफार, बिनशेती आदेश आणि महारेराचा क्रमांक तपासून द्या. नोटरीच्या कागदाने मालकी मिळत नाही, नोंदणीकृत खरेदीखतच लागते, आणि निव्वळ मुखत्यारपत्रावरच्या विक्रीने मालकी जात नाही हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ च्या सूरज लॅम्प प्रकरणात सांगितले आहे, हे वस्तीतल्या प्रत्येक बाईला माहीत हवे. वतनाच्या जमिनींची गाववार यादी करा. दोन-दोन कार्यकर्त्यांनी मिळून भाड्याच्या खोल्यांची अमेरिकेसारखी तपासणी करा आणि उत्तरे तारीख-वेळेसह लिहून ठेवा.

दरवर्षी ३१ जुलैला आपण लळिंगच्या लांडोर बंगल्यावर भीमस्मृती यात्रेला हजारोंनी जमतो. १९३७ मध्ये बाबासाहेब धुळ्याला आले ते न्यायालयाच्या कामासाठी, हातात कागद घेऊन. येत्या ३१ जुलैला जाताना आपल्या तालुक्याची ती यादी आणि त्या नोंदी सोबत आणा. तिथे एक टेबल मांडू आणि सगळे कागद एकत्र करू. मग निवेदन कोणाच्या टेबलावर ठेवायचे ते तिथेच बसून ठरवू.

जयभीम!